टाचेतला दोरा

देहू ते यवत हे दिवस मला वेगवेगळे आठवत नाहीत. ओली राहुटी, टँकरपुढची रांग, पहाटे तीनची हाकाटी आणि डोक्यात रात्रभर घुमणारे टाळ, एवढंच राहिलं आहे. पुण्यात पादुकांचं दर्शन लांबूनच झालं. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण मागे पडलं. बेलवाडीला अश्व धावला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला टाचेची चिंधी सोडवत होतो.

ही वारी वडिलांची. माळ त्यांची, टाळही त्यांचेच. २०२४च्या चैत्रात आमच्या देवळावर कळस चढला, त्याच्या दोन महिने आधी ते गेले. मी निघालो तो विठोबाला एवढंच सांगायला, की तुझं घर झालं.

आमचं गाव उजनीत गेलं. धरण १९८० साली पूर्ण झालं, गाव त्याआधीच उठलं होतं. वडिलांनी आणि चुलत्यांनी विठोबा-रखुमाई गोधडीत गुंडाळून बैलगाडीतून नव्या गावठाणात आणले आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले. तिथेच पंचेचाळीस वर्षं गेली. जुन्या देवळाचे दगड ११७ टीएमसीच्या त्या साठ्याखाली राहिले. पळसदेवचं शिखर उन्हाळ्यात वर येतं, लोक होड्या करून बघायला जातात. आमचं देऊळ तेवढं उंच नव्हतं. २०२४च्या उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली गेलं तेव्हा कुठे चिखलात जोत्याचे चार दगड दिसले. वडील असते तर चिखल तुडवत गेले असते.

शेडमधल्या देवाची कुणी कीव केली की ते चिडायचे. म्हणायचे, "पांडुरंगालासुद्धा एकदा पंढरपूर सोडावं लागलं होतं. विजयनगरच्या राजानं नेला, भानुदास महाराजांनी परत आणला. आपला कुठं लांब गेलाय?"

निमगाव केतकी सोडलं तसं ऊन चढलं. आषाढात असं ऊन! डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला होता, तो आता चालता चालता फुटणार असं वाटत होतं. त्यात आमच्या दिंडीत सकाळीच जेवणाच्या पंगतीवरून भांडण झालेलं. ज्याने भांडण उकरलं तोच पुढे पावल्या खेळत होता आणि मला त्याचा भयंकर राग येत होता. नामात लक्ष नव्हतं. 'ज्ञानोबा-तुकाराम' तोंडाने चालू होतं, आत सगळी धुसफूस. शेवटी लिंबाखाली बसलो.

"माउली, पाय दे इकडं."

डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी. तुळस खाली ठेवून माझ्यासमोर ऐसपैस बसली. कनवटीच्या पिशवीतून सुई काढली, दोरा ओवला, त्याला खोबरेल लावलं. फोडाच्या एका अंगाने सुई घातली, दुसऱ्या अंगाने काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. "कातडं काढू नको. दोऱ्यावाटे पाणी उतरंल. आपसूक पडंल तवा पडू दे."

माझ्या आईच्या वयाच्या बाईने माझा पाय मांडीवर घेतला होता आणि मला रडू आवरेना. का रडतोस म्हणून तिने विचारलं नाही. गाव कोणतं, एवढंच विचारलं. मी धरणाचं सांगितलं, देवळाचं सांगितलं.

ती किल्लारीच्या बाजूची. १९९३च्या सप्टेंबरात अनंत चतुर्दशी झाली, गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाटे चारच्या आत मातीचं झालं. "देव बी दबला अन् माणसं बी." पुढे नवं गाव वसलं, सरळ रस्ते, ओळीने घरं, देऊळही बांधून झालं. पण त्या देवळात कुणी जाईना. तिन्हीसांज झाली की माणसं जुन्या गावाच्या ढिगाऱ्याकडे जाऊन बसायची. मग तिच्या सासूने एका संध्याकाळी नव्या देवळात दिवा लावला आणि एकटीच हरिपाठ म्हणायला लागली. रोज. "पंधरा दिस ती एकटीच व्हती. मग म्या गेले, तिला सोबत म्हणून. मग शेजारीण."

मग तिने मला विचारलं, "तुमच्या देवळात काकडा कोण म्हणतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कळसाच्या दिवशी हजार माणूस जेवलं, दुसऱ्या दिवशी गाड्या हडपसरला, भोसरीला परत गेल्या. पुजारी सकाळी कुलूप उघडतो, गंध लावतो, कुलूप घालतो. संगमरवर चकचकीत आहे. मी स्वतः कळसानंतर एकदाही गेलो नव्हतो.

तिने तुळस उचलली आणि चालू लागली. नावही विचारायचं राहिलं. इंदापूर, सराटी, अकलूज करत वाखरीपर्यंत प्रत्येक तुळशीवालीच्या तोंडाकडे बघत गेलो. सापडली नाही.

पंढरपुरात अठरा तास रांगेत उभा होतो. त्या वर्षी गाभाऱ्यातली चांदी काढून जुना काळा दगड मोकळा केला होता. तो दगड बघत असतानाच पुढे ढकललं गेलो. पायावर डोकं टेकलं, 'घर झालं' म्हणायचं होतं ते तोंडातून निघालंच नाही.

वाळवंटात येऊन चुलतभावाला फोन लावला. म्हटलं, कोजागरीपासून काकडा धरायचा, मी महिनाभर गावी येऊन राहतो.

"किती जण येतील?" त्याने विचारलं.

"तू येशील का ते सांग."

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "वीणा कुठाय? तुझ्याकडं का माझ्याकडं?"