पाचवा कॉलम

‘कमांडचा आउटपुट स्क्रिप्टमध्ये वापरायचा, तर त्यावर भरवसा कसा ठेवायचा?’ ऑफिसात नवीन आलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून आधी माझी फजिती सांगते.

डिस्क ९० टक्क्यांच्या वर गेली की मेल पाठवायचा, एवढीच माझी स्क्रिप्ट होती. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड चालवायची, शेवटची ओळ घ्यायची, ऑक या कॉलम वेगळे करणाऱ्या टूलने पाचवा, म्हणजे टक्क्यांचा कॉलम काढायचा, टक्क्याचं चिन्ह उडवायचं. वर्षभर बिनबोभाट चाललं. मग सर्व्हर बदलला, डिस्क एलव्हीएमवर (लिनक्समध्ये डिस्कचे लवचीक भाग पाडायची सोय) गेली आणि तिचं नाव हातभर लांब झालं. तिथल्या जुन्या डीएफने नाव एका ओळीवर ठेवलं नि आकडे खालच्या ओळीवर ढकलले. सगळे कॉलम एकेक घर डावीकडे सरकले आणि पाचव्या घरात टक्क्यांऐवजी ‘/व्हार’ (ती डिस्क जिथे जोडली होती ते फोल्डर) येऊन बसलं. ‘/व्हार’ ९० पेक्षा मोठं आहे का? शेल (कमांडा चालवणारा प्रोग्रॅम) म्हणालं, हा आकडाच नाही. पण स्क्रिप्टमधल्या ‘इफ’ या अटीच्या लेखी चूक काय नि ‘नाही’ काय, सारखंच. डिस्क गच्च भरली, डेटाबेस बसला, मेल काही आला नाही. शेलची तक्रार क्रॉनच्या (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लॉगमध्ये दर दहा मिनिटांनी इमानेइतबारे नोंदली जात होती.

उपाय एका अक्षराचा निघाला: डीएफला मायनस कॅपिटल पी. हा पोझिक्स या युनिक्सच्या प्रमाणकाचा ठरलेला साचा, एका फाइल सिस्टीमला एकच ओळ. शिवाय आता हातात आलेला आकडा खरंच आकडा आहे का, हे आधी बघते. नसेल तर तोही मेल पाठवायचाच प्रसंग.

तेव्हापासून डोळ्यांसाठी छापलेलं मी स्क्रिप्टला वाचायला देत नाही. डेबियन-उबंटूत सॉफ्टवेअर बसवणारं एपीटी तर स्वतःच बजावतं की स्क्रिप्टमध्ये मला जपून वापरा; तिथे एपीटी-गेट घ्यावं. कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटच्या स्टेटस कमांडला ‘पोर्सिलेन’ पर्याय द्यावा, त्याचा साचा आवृत्ती बदलली तरी तोच राहतो. (नाव चक्रावणारं आहे खरं, एरवी गिटवाले पोर्सिलेन म्हणतात ते माणसांसाठीच्या कमांडांना.) फाइलींची यादी देणाऱ्या एलएसच्या वाटेला तर जातच नाही. फाइलच्या नावात स्लॅश आणि नल बाइट सोडून काहीही चालतं, नवी ओळसुद्धा! म्हणून फाइली शोधणाऱ्या फाइंडला प्रिंट-झिरो, ती नावं पुढच्या कमांडला देणाऱ्या एक्सआर्ग्जला मायनस झिरो; मग दोन नावांमध्ये नवी ओळ नाही, नल बाइट येतो.

मध्यंतरी माझ्याच एका टूलमध्ये शेवटी ‘एकूण १२ फाइल्स’ अशी ओळ हवी, असा एका सहकाऱ्याचा हट्ट होता. दिली, पण स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुका-सूचनांच्या वेगळ्या वाटेवर. त्याला स्क्रीनवर दिसते, पाइपमध्ये, म्हणजे पुढच्या कमांडकडे जाणाऱ्या आउटपुटमध्ये, शिरत नाही.