तिसऱ्या शिट्टीपर्यंत अपूर्णांक

एक तांदळाचा डबा, एक पोह्यांचा. दोन्हींवर आडवी टाकलेली फोटोफ्रेमची काच, काचेवर पालथा मोबाइल आणि खाली वही. २०२०च्या जूनमध्ये, कोरोनामुळे शाळा बंद असताना, माझा फळा हा असा होता, भांडुपच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्यावर. वर पत्रा. जोराची सर आली की माझं मलाच ऐकू यायचं नाही.

सहावीच्या वर्गात पोरं ४३, गूगल मीटवरच्या ऑनलाइन तासाला ११. आधी चिडले. मग घरोघरी फोन लावले तेव्हा कळलं, घरात फोन एकच आणि तो बाबांच्या खिशात. बाबा ड्युटीवरून रात्री नऊला येणार. काही जण कोकणात गावी गेलेले, तिथे रेंज विहिरीपाशी. सकाळी अकराचा तास मी कोणासाठी घेत होते?

मग थेट तास आठवड्यातून दोनच ठेवले. बाकी दिवशी पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ करून ग्रुपवर टाकायचा, ज्याला जेव्हा फोन मिळेल तेव्हा त्याने बघायचा. माझ्या मते खरं शिकणं झालं ते यातच. एका मुलीने वर्गात कधी हात वर केलेला मला आठवत नाही. तिचा रात्री साडेदहाला व्हॉइस मेसेज आला, अगदी कुजबुजत, कारण शेजारी धाकटा भाऊ झोपलेला. "बाई, साडेपाचातून पावणेतीन करताना एक उसना घेतला, त्याचे चार चतुर्थांश कसे झाले?" व्हिडिओ तिने मागे नेऊन नेऊन पाहिला होता. वर्गात मला कोण मागे नेणार?

आम्हा शिक्षकांसाठी वेबिनार ढीगभर झाले, प्रमाणपत्रंही आली. मोबाइल पालथा कसा ठेवायचा ते मात्र शेजारच्या वर्गाच्या तरुण बाईंनी दाखवलं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोडही त्यांनीच दीक्षा अ‍ॅपवर उघडून दिला. (मला इतके दिवस ती किमतीची खूण वाटायची.) २० जुलैला टीव्हीवर, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शाळेच्या धड्यांवरची मालिका सुरू झाली, तिला निदान मोबाइलचा रिचार्ज लागत नव्हता.

मुंबईत सहावी-सातवीचे वर्ग उघडले ते थेट १५ डिसेंबर २०२१ला. तोवर माझी पोरं सातवीत गेली होती. काहींच्या मिशा फुटलेल्या, ओळखायला वेळ लागला.

आता शाळेत मोठा डिजिटल फळा आहे. त्याचा रिमोट कपाटात असतो आणि कपाटाची चावी शोधण्यात निम्मा तास जातो, म्हणून मी बहुतेक वेळा खडूच उचलते. पण परवा चावी सापडली. पूर्णांकयुक्त अपूर्णांकांच्या वजाबाकीचा तोच जुना व्हिडिओ लावला. उसना घेण्यापर्यंत आले आणि मागे आमचा कुकर वाजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

शेवटच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तीन झाल्या, गॅस बंद करा!"