तारीख

‘द हिट’ परवा दुसऱ्यांदा पाहिला. १९८४चा सिनेमा, दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्सचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेवटी विलीचा भयंकर राग आला होता. (शेवट सांगणार आहे. पाहायचा असेल तर इथेच थांबा.)

विली पार्कर म्हणजे टेरन्स स्टॅम्प. लंडनचा दरोडेखोर, माफीचा साक्षीदार होतो आणि साथीदारांची नावं घडाघडा सांगतो. मी कोर्टात लघुलेखक होते, साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून चार हातांवर माझं टेबल. असे दोन साक्षीदार जवळून पाहिले. दोघांनीही आरोपींकडे एकदाही मान वळवली नाही. विली मात्र लग्नातले किस्से सांगावेत तसा रंगात येतो. मग आरोपी गायला लागतात. युद्धकाळातलं गोड गाणं, पुन्हा भेटू म्हणणारं. मला वाटलं होतं, ही लेखकाची करामत. पण बर्टी स्मॉल्स या दरोडेखोराने १९७०च्या दशकात साथीदारांविरुद्ध साक्ष दिली, तेव्हा त्यांनी खरोखर हेच गाणं म्हटलं होतं. स्मॉल्सला पुढे कुणी गाठलं नाही. २००८मध्ये तो आपल्या मरणाने गेला.

विलीला मात्र गाठतात. दहा वर्षांनी, स्पेनमधल्या पुस्तकांनी भरलेल्या घरात. न्यायला आलेले दोघे : जॉन हर्टचा ब्रॅडॉक, बोलायचेसुद्धा पैसे पडतात असा, आणि टिम रॉथचा मायरन, ज्याचं तोंड मिटत नाही. रॉथचा हा पहिला सिनेमा, खरं वाटत नाही. विलीला गाडीत घालून पॅरिसला न्यायचं, मारायचं ते तिथे.

आणि विली निवांत! वाटेत मायरनला झोप लागते. रान मोकळं आहे, पण हा पळत नाही. धबधबा बघत उभा राहतो. मरणाची दहा वर्षं तयारी केली आहे म्हणतो. मारेकरीच कावरेबावरे होतात.

मग सरहद्दीच्या अलीकडे, डोंगरात, ब्रॅडॉक पिस्तूल काढतो. आत्ताच. आणि आपला हा साधुपुरुष गयावया करतो : आज नाही, पॅरिसला, उद्या! पळत सुटतो आणि पाठीत गोळी खातो.

पहिल्यांदा मी म्हटलं होतं, ढोंगी मेला. या वेळी ‘उद्या’ या शब्दावर अडकले. पुढची तारीख मिळाली की पक्षकाराचा चेहरा कसा सैल पडतो, ते मी रोज पाहायचे. निकाल विरुद्ध जाणार हे ठाऊक असलेलेसुद्धा बाहेर जाऊन निवांत चहा प्यायचे. पण बोर्डावर प्रकरण अचानक आजच पुकारलं, की त्याच माणसांचे हात कागदांवर थरथरायचे. विलीची शांतता तारखेवर टेकलेली होती. ब्रॅडॉकने तारीख अलीकडे ओढली, एवढंच.

मॅगी राहिलीच. लॉरा देल सोल. वाटेत उचललेली मुलगी, बोलते अगदी थोडं. तिला कसलीच तारीख दिलेली नाही. ती ब्रॅडॉकच्या हाताला कडकडून चावते, सोडतच नाही. शेवटी जिवंत राहते ती तीच.