रजिस्टरमधली खाडाखोड

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या समितीत मला घेतलं, त्यात माझ्या योग्यतेचा काही भाग नव्हता. पिंपरीच्या कंपनीतून निवृत्त होऊन गावी आलो आणि चावडीच्या कट्ट्यावर रिकामा बसलेला दिसलो, एवढंच. माजी विद्यार्थ्यांची यादी करायचं काम गळ्यात पडलं. शाळेच्या लोखंडी कपाटातली जनरल रजिस्टरं बाहेर काढायची, धूळ झटकायची आणि पहिल्या वर्षापासूनची नावं वहीत उतरवून घ्यायची. पहिल्या दिवशी शिंका आल्या, दुसऱ्या दिवशी कंटाळा. तिसऱ्या दिवसापासून मात्र घरी जेवायला जायचं भान राहिना.

त्या रजिस्टरांवर विश्वास ठेवायचा तर आपल्या गावातली निम्मी पोरं १ जूनला जन्मली. गुरुजी विचारणार, "पोरगं कधीचं?" आई सांगणार, "भुईमूग काढतानाचं." मग गुरुजी उजवा हात डोक्यावरून घ्यायला लावून डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं, आणि तारीख १ जून. माझाही कान १९७३ च्या जूनमध्ये हाताला लागला, म्हणून माझा जन्म १ जून १९६७. माझे वडील, आबा, एसटीत कंडक्टर होते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली. त्यामुळे दरवर्षी त्या दिवशी घरी आले की तिकिटांची पेटी खाली ठेवता ठेवता म्हणायचे, "राजा, तुझा आन् एसटीचा वाढदिवस आज." हाच माझा वाढदिवस, आणि हाच केक.

आईला १ जून मान्य नाही. तिचा हिशेब चंद्राचा. तिच्या मते माझा जन्म मोहरमातल्या कत्तलीच्या रातीनंतर दोन दिवसांनी. १९६७ साली मोहरम एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आला होता, म्हणजे मी एप्रिलमधला. पण आई एप्रिल धरत नाही, मोहरम धरते. मोहरम दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे आईच्या लेखी माझा वाढदिवस कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत, कधी ऐन पावसात. फिरून एप्रिलात यायला त्याला तेहतीस वर्षं लागली.

आता नावाकडे येतो. माझ्या आधी आईची दोन मुलं गेली. एक गोवरानं, दुसरं बाराव्या दिवसाच्या आत. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा ती कागलच्या गैबी पिराला गेली आणि नवस बोलली, पोर जगलं तर तुझं नाव ठेवीन आणि पाच वर्षं मोहरमात फकीर करीन. मी जगलो, पिराजी झालो. फकीर झाल्याचं मला अंधुक आठवतं. गळ्यात नाडा, अंगात हिरवा सदरा, पाच घरी मागून आणलेलं पीठ, आणि त्याच्यात गूळ घालून आईनं केलेले चोंगे. चोंग्यांवर नक्षी असायची, ती मोडायला जिवावर यायचं. नाडा गळ्यात घालून मी वर्गात बसलो तरी कुणाला काही वाटायचं नाही. शेजारी मुजावराचा मुलगा बसायचा. तो माझ्या नाड्याची गाठ सैल झालेली दिसली की आवळून द्यायचा, कारण त्याला ते नीट बांधता यायचं आणि मला यायचं नाही.

नावात मी एकटा नव्हतो. आमच्या पहिलीच्या हजेरीत दोन दगडू, एक धोंडिराम, एक भिकाजी आणि एक केरबा होता. केरबाला जन्मल्यावर केरात ठेवून उचलला होता, म्हणजे मृत्यूला वाटावं की हे फेकून दिलेलं आहे, ह्याला काय न्यायचं. दगड कोण नेणार, भिकेत मिळालेलं कोण नेणार. आज ती हजेरी वाचताना लक्षात येतं की प्रत्येक नावामागे घरात आधी गेलेलं एखादं मूल आहे. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की केरबाला 'केरसुणी' म्हटलं की तो मारायला धावतो.

मला 'पीरबाबा' म्हणायचे. मोरपिसाचा कुंचा डोक्यावर फिरवल्यासारखं करून "ऊद घाला, ऊद घाला" असा गलका करायचे. चौथीत हे फार झालं तेव्हा एकदा गुरुजींनी इतिहासाचा तास थांबवून सांगितलं की मालोजी भोसल्यांना मूल होईना, तेव्हा नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला अशी गोष्ट आहे, आणि पुढे दोन मुलं झाली त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी. वर्ग चिडीचूप. शिवाजी महाराजांच्या वडिलांचं नाव आणि माझं नाव एकाच खाणीतलं निघालं. वर गुरुजींनी आपल्या कागलचं उदाहरण दिलं. घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ कोण? पिराजीराव. मी छाती काढून बसलो. घरी जाताना मात्र मनात आलं, ज्याचं नाव बदललं तो छत्रपती झाला आणि पिराजी तो कागलातच राहिला. हा विचार मी कुणाला बोलून दाखवला नाही.

पुण्याच्या बाजूला गेल्यावर नावाचा त्रास वेगळ्या प्रकारचा. तिकडे पिराजी कुणाला ऐकूच येत नाही. लोक पिलाजी ऐकतात. पिलाजीराव गायकवाडांमुळे तो कानाला ओळखीचा. पहिला पगार पिलाजीच्या नावानं निघाला, गॅसचं पुस्तक पिलाजीचं, लग्नाच्या हॉलच्या दारावर थर्माकोलमध्ये पिलाजी. बायकोकडच्या एका म्हाताऱ्यांनी शेवटपर्यंत पिलाजीरावच म्हटलं, मीही ओ देत राहिलो. ज्यांना नीट ऐकू यायचं त्यांच्या प्रश्नांचा सूर निराळा असायचा. एका ठिकाणी खोली भाड्यानं घ्यायला गेलो तर मालकांनी नाव ऐकून आडनाव विचारलं, आडनाव ऐकून गाव विचारलं, आणि मग उद्या या म्हणाले. उद्या गेलो तर खोली दिलेली होती. उलट आमच्या स्टोअरमधले चाचा मला दर ईदेला डबा आणायचे. "नाव सांभाळलंस बेटा," म्हणायचे. मी काही सांभाळलं नव्हतं. बदलायचा कंटाळा केला होता. बदलायचं म्हणजे अर्ज, प्रतिज्ञापत्र, राजपत्रात छापून आणणं. आणि दहावीच्या प्रमाणपत्राचं काय करायचं ते कुणी धड सांगेना.

पीर म्हणजे फारसीत म्हातारा, वडीलधारा. हे मला पन्नाशीत कळलं. आता नाव अंगाला बसायला लागलंय.

तर रजिस्टर. १९७३ चं पान उघडलं. निळ्या-काळ्या शाईतलं वळणदार अक्षर, प्रत्येक रकाना जागच्या जागी. माझ्या आडनावाच्या ओळीवर बोट गेलं आणि थांबलं. तिथं नाव होतं राजेंद्र. त्याच्यावर तांबड्या शाईची सरळ रेघ, आणि वर बारीक अक्षरात पिराजी. उजवीकडे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं, 'पालकांचे सांगणेवरून नाव दुरुस्त केले', खाली मुख्याध्यापकांची सही, आणि तिच्या शेजारी एक जांभळा अंगठा.

आबांना लिहिता यायचं. ते रोज चलन भरून सही करायचे. अंगठा त्यांचा असणं शक्य नव्हतं.

मोबाइलवर फोटो काढून घरी गेलो. आई सोप्यात लसूण सोलत बसली होती. वय ब्याऐंशी, कान शाबूत.

"आई, शाळेत माझं नाव आधी राजेंद्र होतं?"

"व्हय," ती म्हणाली. लसणाची पाकळी काही थांबली नाही.

मग तिनं सांगितलं ते असं. जूनमध्ये आबांनी सुट्टी काढून मला शाळेत घातलं आणि घरात कुणाला न सांगता नाव दिलं राजेंद्र. "कंडक्टर न्हवं त्यो. गावोगावची नावं ऐकून आल्याला. म्हनाला, पिराजी नाव घिऊन पोरगं हापिसात कसं बसंल?" पण मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. गुरुजी हजेरीत राजेंद्र पुकारायचे आणि मी पुढच्या बाकावर बसून राजेंद्र कोण येतो ते बघायचो. आठवडाभर माझी गैरहजेरी लागली. शेवटी गुरुजींनी पोराच्या हाती निरोप धाडला, मुलगा शाळेत का पाठवत नाही? निरोप आणणारा पोरगा मीच.

आई रोपलावणीच्या चिखलातून तशीच शाळेत गेली. पाय भरलेले म्हणून वर्गात शिरली नाही, व्हरांड्यात उभी राहिली. गुरुजी म्हणाले, नाव वडिलांनी दिलंय, वडिलांना येऊ दे. ती म्हणाली, "नाव बापानं दिलंय, पर जगवलं कुनाच्या नावानं? उद्या पोराला काय झालं तर तुमी भरून देनार?" ह्याच्यावर शिक्षण खात्याकडे उत्तर नसावं. गुरुजींनी तांबडी शाई काढली, शिक्क्याची गादी पुढे केली. अंगठा पुसायला त्यांनी खडूची पूड दिली, हेही तिच्या लक्षात आहे.

"आनि आबा?"

"चार दिस बोलला न्हाई. मग तुला राजा म्हनाय लागला."

आबांना जाऊन सोळा वर्षं झाली. त्यांनी मला कधी पिराजी म्हणून हाक मारली नाही. एसटी स्टँडवर सोडायला आले तरी खिडकीबाहेरून "राजा, उतरलास की पत्र टाक." मला आयुष्यभर वाटत आलं की लाडानं म्हणतात.

फोटो मोठा करून आईला अंगठा दाखवला. तिनं स्क्रीनकडे बघितलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. त्याच्या रेघा आता भाकरी थापून आणि भांगलून पुसट झाल्यात. रेशनच्या दुकानातलं मशीनसुद्धा तो अंगठा एका दमात घेत नाही. १९७३ चा ठसा मात्र स्पष्ट आहे, गोल गोल वळ्या मोजता येतात.

त्या ठशाच्या शेजारी 'पालक' एवढंच लिहिलंय. संपूर्ण पानावर आईचं नाव कुठंच नाही, कारण तसा रकानाच नव्हता. माझ्या लेकीला झालेली मुलगी गेल्या वर्षीची. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदावर मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव असा क्रम आलाय. हे आईला सांगितलं तर तिनं विचारलं, "आईचं कंचं नाव? म्हायेरचं का सासरचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागदोपत्री आई पार्वती. माहेरची ती सोनाबाई. लग्नात आबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं. "वाचाया कुटं येत हुतं? ननंदंनं सांगितलं तवा कळलं मी पारबती झाले त्ये." तिचं नाव बदलताना तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि माझं बदलताना तिनं कुणाला विचारलं नाही.

पण ह्याचा नियम करता येत नाही. आमच्या पुढच्या वर्गात एक मुलगी होती, चौथी लेक, नाव नकुशी. साताऱ्यात २०११ साली प्रशासनानं कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींना नवी नावं दिली, तेव्हा पेपरात वाचून मला तीच आठवली होती. यादी करताना विचारावं म्हणून तिला फोन केला. ती नातवंडांत रमलेली आहे. म्हणाली, "माझं नाव तर लग्नात तांदळात गेलं, बरं झालं. ताट घेऊन परत माहेरी जाऊ नकोस. वैशाली छाप." वैशाली छापायला दिलंय. रजिस्टरात काय आहे ते आता फक्त तिच्या वर्गातल्यांना आठवेल, आणि त्यांनी ते विसरावं ही विनंती.

माझ्या नोंदीपुढे मी नव्या नियमाप्रमाणे आईचं नाव घातलंय, माहेरचं. समितीत एक-दोघांनी हरकत घेतली की सगळ्यांची वडिलांची नावं आणि ह्याचंच वेगळं कसं. यादी उतरवून काढायला दुसरं कोणी बसायला तयार नसल्यानं हरकत टिकली नाही.

काल छापखान्यातून प्रूफ आलं. सोनाबाई अगदी बरोबर छापलंय. माझ्या नावाचं पिलाजी झालंय. तांबड्या पेनानं रेघ मारून वर पिराजी लिहून परत पाठवलंय.

– पिराजी, इयत्ता पहिली, १९७३