बिलातली ‘नर्सिंग चार्जेस’ची ओळ

गेल्या महिन्यात माझ्या मामांना निमोनिया झाला आणि त्यांना आमच्या जिल्ह्याच्या गावी एका 60 खाटांच्या खाजगी रुग्णालयात सहा दिवस ठेवावे लागले. डिस्चार्जच्या दिवशी बिल हाती आले तेव्हा मामेभाऊ औषधांच्या रकमा तपासत होता, आणि माझी नजर मात्र खालच्या एका ओळीवर अडली होती : नर्सिंग चार्जेस, प्रतिदिन 600 रुपये, सहा दिवसांचे 3,600 रुपये. मी स्वतः परिचारिका असल्यामुळे ही ओळ मला सहजपणे वाचून पुढे जाता येत नाही. त्या मजल्यावर 18 रुग्ण होते. ज्या मुलीने रात्रभर दर दोन तासांनी येऊन मामांची ऑक्सिजनची पातळी तपासली, तिने मी याच पेशातली आहे हे कळल्यावर आपला पगार सांगितला होता : महिना 13,000 रुपये. 18 रुग्णांचे 600 रुपयांप्रमाणे दिवसाला 10,800 रुपये होतात. म्हणजे तिच्या महिनाभराच्या पगाराएवढी रक्कम त्या एका मजल्यावर, तिच्याच कामाच्या नावाने, सव्वा दिवसात जमा होते. मजल्यावर दिवसा एक आणि रात्री एक अशा दोनच सिस्टर असतात.

हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तो 2011 मध्ये, माझ्या पहिल्या नोकरीत. जीएनएमचा, म्हणजे परिचर्या आणि प्रसूतिशास्त्राचा, पदविका अभ्यासक्रम पूर्ण करून, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून मी तालुक्याच्या गावातल्या एका 30 खाटांच्या रुग्णालयात लागले होते. पगार 6,500 रुपये होता आणि ड्युटी आठ ते आठ, म्हणजे बारा तासांची. महिन्याच्या 26 ड्युट्या धरल्या तर एका ड्युटीचे 250 रुपये आणि तासाचे 21 रुपयेसुद्धा पुरते होत नव्हते. नोकरीवर घेताना मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली होती आणि दोन वर्षांच्या आत सोडल्यास तीन महिन्यांचा पगार भरावा लागेल, असे लिहून घेतले होते. वडिलांनी माझ्या शिक्षणासाठी सोसायटीचे कर्ज काढले होते, त्यामुळे ते कागद परत मागण्याचे धाडस मला दोन वर्षे झाले नाही.

बारा तास हा आकडाही खरा नव्हता. सकाळी आठला सुटायचे म्हणजे पुढच्या सिस्टरला प्रत्येक रुग्णाची ओव्हर द्यायची, म्हणजे त्याची सगळी माहिती सांगून तो सोपवायचा, इंजेक्शनांचा आणि ड्रेसिंगच्या सामानाचा मेळ घालायचा, फाईली पूर्ण करायच्या. त्यात पाऊण तास सहज जाई आणि तो कोणीच मोजत नसे. रिलिव्हर आली नाही की डबल ड्युटी ठरलेली असे. रुग्ण सोडून जाता येत नाही, हे तिथल्या व्यवस्थापनाला आमच्याइतकेच पक्के ठाऊक होते, आणि माझ्या मते सगळी रचना या एका भरवशावर उभी होती.

अशाच एका डबल ड्युटीतली पहाट मी विसरू शकत नाही. माझा एकविसावा तास चालू होता. एका लहान मुलाचे अँटिबायोटिक पाण्यात विरघळवून शिरेतून द्यायचे होते. ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युल होत्या आणि त्यांच्याच शेजारी, जिथे त्या कधीच असायला नकोत तिथे, पोटॅशियम क्लोराइडच्या. दोन्हींचा आकार सारखा, आतला द्रव सारखाच पाण्यासारखा. मी अँप्युल फोडली, सिरिंजमध्ये भरली, आणि रिकामी काच टाकताना लेबल वाचले. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडते, हे पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीही सांगेल. मी सिरिंज सिंकमध्ये रिकामी केली आणि पाच मिनिटे तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. ते मूल तिसऱ्या दिवशी बरे होऊन घरी गेले. त्याच्या आईने जाताना मला पेढे दिले, आणि ते घेताना माझे हात थरथरत होते.

ही गोष्ट मी बरीच वर्षे माझा निष्काळजीपणा म्हणून मनात ठेवली. तो निष्काळजीपणा होताच, ती जबाबदारी मी टाळत नाही. पण तो एकविसाव्या तासाचाही होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेवर सोपवलेल्या रुग्णांत एकाची भर पडली की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या, दाखल झाल्यापासून 30 दिवसांतल्या, मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. तो अभ्यास वाचल्यापासून, परिचारिकांचा पगार आणि ड्युटीचे तास हा आमचा घरगुती गाऱ्हाण्याचा विषय आहे असे कोणी म्हटले की मला ते पटत नाही. पगार कमी असल्यामुळे अनुभवी मुली सोडून जातात, जागा रिकाम्या राहतात, उरलेल्यांवर रुग्ण आणि तास दोन्ही वाढतात, आणि त्याचा शेवट कुठल्या तरी खाटेपाशी होतो.

खाजगी रुग्णालयांतल्या या स्थितीबद्दल ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती, आणि 29 जानेवारी 2016 रोजी न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमण्याचा आदेश दिला. त्या समितीने खाटांच्या संख्येनुसार वेतन सुचवले : 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या परिचारिकेइतके, 100 पेक्षा जास्त असतील तर त्याहून फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 खाटा असतील तर फार तर 25 टक्के कमी, आणि 50 पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना किमान 20,000 रुपये. कामाचे तास, रजा, वाहतूक आणि निवास याही बाबतीत सरकारी सेवेचाच मापदंड धरण्यास सांगितले. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील अधिपरिचारिकेचे, म्हणजे स्टाफ नर्सचे, मूळ वेतन 35,400 रुपयांपासून सुरू होते. भत्ते बाजूला ठेवून त्यातून 25 टक्के वजा केले तरी 26,550 रुपये उरतात, म्हणजे मामांच्या रुग्णालयातल्या त्या मुलीला मिळतात त्याच्या दुपटीहून अधिक. खाटांच्या संख्येवर पगार ठरवणे मला स्वतःला तितकेसे रुचत नाही, कारण 30 खाटांच्या रुग्णालयात प्रसूतीपासून अपघातापर्यंत सगळे एकाच सिस्टरच्या अंगावर येते. तरी एवढे जरी पदरात पडले असते तर माझ्या वर्गातल्या कित्येक मैत्रिणींनी हा पेशा सोडला नसता.

समितीच्या शिफारशी केंद्राने त्याच वर्षी राज्यांकडे पाठवल्या, पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. केरळात परिचारिका 2017 मध्ये संपावर उतरल्या, आणि 2018 मध्ये तिथल्या सरकारने खाजगी रुग्णालयांसाठी किमान 20,000 रुपये वेतनाची अधिसूचना काढली. आमच्याकडे खाजगीतल्या मुली विखुरलेल्या आहेत, तीस-चाळीस खाटांच्या रुग्णालयांत पाच-सहा जणी असतात, आणि संघटनेचे नाव काढले की दुसऱ्या दिवशी जाब द्यावा लागतो.

आता मी सरकारी सेवेत आहे आणि माझा पगार मला पुरतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण माझ्याच कक्षात राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी नेमणूक झालेली सिस्टर वीस हजारांवर रुजू झाली. तीच नाईट, तेच रुग्ण, तीच जबाबदारी, आणि दर वर्षी मुदतवाढीच्या आदेशाची वाट पाहणे. बाह्यस्रोतांतून भरती करण्याच्या विरोधात राज्यातल्या परिचारिकांनी 2022 मध्ये संप केला तो याच भीतीपोटी, की कायम पद रिकामे झाले की तिथे अशीच स्वस्त नेमणूक येईल. संख्येचे तर विचारूच नये. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. आमच्या कक्षात रात्री 45 रुग्णांना आम्ही दोघी असतो.

लहान रुग्णालये चालवणाऱ्या डॉक्टरांशी मी या विषयावर बोलले आहे, आणि त्यांच्या अडचणी खोट्या नाहीत. शासकीय योजनांचे पॅकेज दर तोकडे आहेत, पैसे उशिरा येतात, यंत्रांचे हप्ते थांबत नाहीत. पण हप्ता चुकवला तर बँक दाराशी येते आणि पगार कमी दिला तर कोणीच येत नाही, म्हणून काटकसर नेहमी आमच्यापासून सुरू होते. ‘सिस्टर, तुमचे काम म्हणजे सेवा,’ असे मला फार आदराने सांगितले जाते. ती सेवा आहे, असे मीही मनापासून मानते. मात्र त्या सेवेचे 600 रुपये रुग्णाकडून रोज वसूल होत असताना, ती मोलाने मोजू नये हे सेवा करणारीलाच का सांगितले जाते, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

मामांना घेऊन निघालो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. रात्रीची तीच मुलगी अजून ड्युटीवर होती, कारण सकाळची सिस्टर आजारी होती. तिने मामांच्या हातातली सुई हळूच काढली, कापूस दाबून धरला, औषधांच्या वेळा मामींकडून दोनदा वदवून घेतल्या, आणि चार्टवर वेळ लिहून पुढच्या खाटेकडे गेली. तिने काही खाल्ले आहे का, असे मी तिला विचारले. पाच नंबरची सलाईन संपली की जाते, असे ती म्हणाली.