धरण भरलं की आमचं गाव बेट होतं, अन मी सरपंचपदाला उभी आहे

आमचं गाव पैठणच्या वरच्या अंगाला, नाथसागराच्या काठावर. धरण भरलं की तीन बाजूंनी पाणी अन चौथ्या बाजूला चिखलाचा रस्ता. हे जायकवाडी धरण 1976 ला पूर्ण झालं, सासऱ्यांची काळी जमीन त्यात गेली, अन तरी उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात हे मला पटतच नाही.

पद महिलेसाठी राखीव निघालं (2011 पासून निम्म्या जागा बायकांच्या) तेव्हा भावकीतले लोक यांच्याकडं आले, "वहिनीचा फॉर्म भरा, बाकी आपण बघू." मी आतूनच सांगितलं, बाकी पण मीच बघणार.

2022 पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडतात, म्हणजे घर अन घर फिरावं लागतं, अन एवढ्याशा गावात प्रत्येक घराशी काहीतरी जुनं असतंच, कुणाचा लग्नातला मानपान राहिला, कुणाचा बांध सरकला. काल ज्या घराशी दहा वर्षं बोलणं नाही तिथं गेले, हात थरथरत होते, आजी म्हन्ली, "बस माय. पूल करशील का तेवढं सांग, मही नात पावसाळ्यात घरीच ऱ्हाती."

मी म्हन्ले, आजी, पूल ग्रामपंचायतीच्या पैशात होत नसतो, पण ग्रामसभेचा ठराव घेऊन जिल्हा परिषदेत बसून राहीन, काम होईस्तोवर. खोटं बोलून मत नको मला.

आजीनं गूळ-शेंगदाणे दिले हातावर. उद्या खालच्या आळीला जायचंय, पाऊस उघडला तर.