हिराडो: एका आकड्यापायी पाडलेली वखार

नागासाकीला जाणारे बहुतेक जण देजिमा, म्हणजे तिथल्या बंदरात भर घालून केलेलं डच वखारीचं बेट, बघतात आणि परत फिरतात, पण देजिमाच्या आधी डचांचा धंदा चालायचा तो हिराडो बेटावर, म्हणून मी वाकडी वाट करून तिकडे गेलो. सासेबोहून छोट्या ट्रेनने ताबिरा-हिराडोगुची, पुढे बसने लाल झुलत्या पुलावरून बेटावर.

गाव एवढंसं. बंदराच्या टोकाला पांढरीशुभ्र दगडी वखार दिसते, पण ती मूळची नाही हां, २०११ ला उघडलेली प्रतिकृती आहे. मूळची डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३९ मध्ये बांधली (आपल्या वेंगुर्ल्यातली पडकी डच वखार याच कंपनीची) आणि १६४० मध्ये पाडावी लागली! का, तर इमारतीवर इसवी सन कोरलेलं, म्हणजे ख्रिस्ताच्या जन्मापासून मोजलेलं वर्ष, आणि जपानात तेव्हा ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी. शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाचा, अधिकारी इनोउए आला, म्हणाला पाडा. डचांचा प्रमुख फ्रान्स्वा कारोन पक्का व्यापारी, हुज्जत न घालता पाडायला घेतली. तरी १६४१ ला त्यांना देजिमावर हलवलंच. मला विचाराल तर तो आकडा नुसतं निमित्त. पोर्तुगीजांना १६३९ मध्ये हाकललेलं त्यामुळे देजिमा ओस पडलेलं, नागासाकी थेट शोगुनच्या हाताखाली, मग चिनी रेशीम आणि जपानी चांदीचा एवढा मोठा व्यवहार शोगुन हिराडोच्या मात्सुरा सरदार घराण्याच्या बंदरात कशाला राहू देईल?

तसे पोर्तुगीज इथे १५५० पासूनचे, त्याच वर्षी फ्रान्सिस झेवियरही येऊन गेला, हो तोच, ज्याचं शव जुन्या गोव्यात आहे. पण १५६१ ला कापडाच्या सौद्यावरून हाणामारी झाली, कप्तानासकट बरेच पोर्तुगीज मेले आणि त्यांनी दुसरं बंदर धरलं. इंग्रज १६१३ ला आले नि १६२३ ला गाशा गुंडाळला, त्यांच्या लोकरी कापडाला गिऱ्हाईकच मिळेना.

वखारीजवळच्या दगडी पायऱ्यांना लागून जुनी डच भिंत अजून उभी आहे, दगड आणि चुन्याची, ती मात्र खरीखुरी. फोटोसाठी सगळे प्रतिकृतीसमोर, भिंतीकडे चिटपाखरू नाही.

आणि कासुदोसु खायचं चुकवू नका. पोर्तुगीज वळणाच्या केकचे तुकडे अंड्याच्या बलकात बुडवून, गरम पाकात सोडून, वरून परत साखरेत घोळवतात. दोन तुकड्यांत बास होतं, त्यामुळे अख्खा बॉक्स घेताना विचार करा, आणि सोबत ग्रीन टी बिनसाखरेचाच घ्या.